आधी ट्यूब बघू, मग करवत

माझं पुण्यात टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, पोट एलईडीवर चालतं पण जीव अडकलाय जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये. परवा एक ताई सुतारालाच सोबत घेऊन आल्या. टेम्पोत वडिलांचा ईसी टीव्ही, हैदराबादच्या सरकारी कंपनीचा, खाली पाय आणि पुढे सरकतं लाकडी शटर. म्हणाल्या, "काका, आतलं सगळं काढून द्या, पुस्तकांचं कपाट करायचंय." सुतार म्हणे मीच काढणार होतो, ताईंनीच थांबवलं.

बरं झालं थांबवलं. ट्यूबच्या, म्हणजे पडद्याच्या मोठ्या काचेच्या नळीच्या, आत व्हॅक्यूम असतो आणि मागची मान एकदम पातळ काचेची, तिथे हातोडी लागली तर काच फुटून अंगावर येऊ शकते. शिवाय सेट चालून गेला असेल तर प्लग काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, म्हणून मी आधी चासीला, म्हणजे आतल्या सर्किटच्या धातूच्या सांगाड्याला, वायर बांधून तिचं दुसरं टोक स्क्रू ड्रायव्हरला लावतो, तो ॲनोड कॅपखाली, म्हणजे ट्यूबवरच्या हाय व्होल्टेजच्या रबरी टोपीखाली, घालून चार्ज उतरवतो आणि मगच हात लावतो.

मागचं कव्हर काढलं. इंचभर धूळ, पण मानेच्या काचेतला गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा, डाग अजून चांदीसारखा चकचकीत! हा डाग दुधासारखा पांढरा पडला की समजायचं ट्यूबमध्ये हवा गेली, मग खुशाल कपाट करा, बार करा, फिश टँक करा, मी स्वतः असे रिकामे कॅबिनेट सुतारांना दिलेत. पण इथे ट्यूब जिवंत वाटत होती, म्हटलं ताई, आजचा दिवस द्या.

इतकी वर्षं बंद पडलेला सेट डायरेक्ट मेन्सवर लावायचा नसतो. पॉवर सप्लायचे कंडेन्सर सुकलेले होते ते बदलले आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजला लावून चालू केला. बल्ब भप्पकन पेटला, मग मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. मानेत फिलामेंट नारिंगी झालं, जळक्या धुळीचा वास सुटला आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर उजेड आला, वरून-खालून आखडलेला, पण स्वच्छ. पॅटर्न जनरेटर, म्हणजे टेस्टचं चित्र देणारं यंत्र, लावला तर चौकटी दिसल्या. सुतार पण वाकून बघत बसला.

मी ताईंना पोटतिडकीने सांगितलं, अशा ट्यूब आता कोणी बनवत नाही, बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची ते दिवस गेले, हा सेट पूर्ण चालू करून देतो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काका, अँटेनावर आता काही येत नाही, घर वन बीएचके, रोज हात लागेल अशी वस्तू झाली तरच ही घरात राहील, नाहीतर भंगारात जाईल." याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. चांगला कॅबिनेट कापायचा म्हटलं की मला अजून वाईट वाटतं, पण वडिलांची वस्तू त्यांची.

मग ठरलं असं, की शटर आणि पुढची नॉबची पट्टी तशीच ठेवायची, सुताराने फक्त आत फळ्या टाकायच्या, स्क्रूने, खिळे नाहीत. ट्यूब, योक (मानेवरची तांब्याच्या तारेची गुंडाळी), चासी मला. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला असाच एक सेट आहे, त्याच्या ट्यूबचा गेटर पांढरा पडलाय. ताईंची ट्यूब त्यात बसवली, चालतेय, आता व्हर्टिकलचे, म्हणजे चित्र वर-खाली ताणणाऱ्या सर्किटचे, कंडेन्सर बदलायचेत म्हणजे पिक्चर पूर्ण उघडेल.