पीएचडीनंतर वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज करताना

डायलिसिसच्या यंत्रात रक्त शुद्ध करणारे जे कृत्रिम पटल असते, त्यावर मी पीएचडी केली आणि पुढे काही वर्षे त्याच विषयात संशोधक म्हणून नोकरी केली. आता मी वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करीत आहे. हे कळल्यावर ओळखीचे लोक वयाबद्दल आणि खर्चाबद्दल विचारतात. प्रवेश समितीचा प्रश्न मात्र वेगळा असतो, आणि माझ्या मते तो अगदी रास्त आहे: आजच्या कामातूनही रुग्णांचे भले होत असेल, तर डॉक्टरच कशासाठी व्हायचे?

या प्रश्नाला सेवाभाव हे उत्तर पुरत नाही. चांगले पटल घडवणारा अभियंता एकट्या डॉक्टरपेक्षा कितीतरी अधिक रुग्णांच्या उपयोगी पडतो. तेव्हा पूर्वीच्या व्यवसायात राहून जे कधीच करता येणार नाही असे नेमके काय आहे, ते आधी स्वतःला सापडलेले असावे लागते, आणि त्यासाठी रुग्णांच्या सहवासात वेळ घालवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

मला ते एका डायलिसिस विभागात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्यावर सापडले. डायलायझर, म्हणजे यंत्रातला रक्त गाळणारा भाग, ही हजारो पोकळ तंतूंची जुडी असते आणि त्या तंतूंची भिंत हेच पटल. एकेका तंतूचा आतला व्यास साधारण 200 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. रक्त तंतूंच्या आतून जाते आणि डायलिसिसचा द्रव बाहेरून उलट दिशेने वाहतो. युरियासारखे लहान रेणू पटलातून सहज पार होतात, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनसारखी प्रथिने अडतात. ती अधिक प्रमाणात बाहेर यावीत, पण शरीराला हवे असलेले अल्ब्युमिन हे प्रथिन निसटू नये, यासाठी छिद्रे केवढी ठेवावीत हा माझ्या संशोधनाचा विषय होता. एके दिवशी विभागातल्या एका वयस्क बाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि रक्तदाब उतरला. यंत्राच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा मला समजत होता. परिचारिकेने यंत्राने शरीरातले जादा पाणी काढणे लगेच थांबवले. डॉक्टर आल्या, त्यांनी घोट्याजवळ अंगठा दाबून सूज आहे का ते पाहिले, मानेची शीर निरखली, छाती तपासली, आणि मग हल्ली जेवण कसे जाते असे विचारले. बाईंची भूक सुधारली होती. वाढलेले वजन साठलेल्या पाण्याचे नसून अंगाचे आहे, असा निष्कर्ष काढून डॉक्टरांनी डायलिसिसनंतरचे अपेक्षित वजन अर्ध्या किलोने वाढवले. पटल कितीही सुधारले, तरी समोरच्या माणसाच्या शरीरातून किती पाणी काढायचे हे ते ठरवत नाही. तो निर्णय घेण्याची आणि त्याचे बरेवाईट परिणाम त्याच रुग्णाबरोबर पुढच्या खेपेला पाहण्याची जबाबदारी मला हवी आहे.

सिसिली साँडर्स यांचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटल्यावर त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणासन्न रुग्णांच्या वेदनांसाठी काही करायचे असेल तर वैद्यकशास्त्र शिका, असा सल्ला त्यांना एका शल्यचिकित्सकाने दिला. 1951 मध्ये, तिशी उलटल्यावर, त्यांनी शिक्षण सुरू केले, 1957 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र उघडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी औषध देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. रुग्णाजवळ बसणे त्यांना आधीही शक्य होते. औषधोपचार बदलण्याचा अधिकार मात्र डॉक्टर झाल्यावरच मिळाला.

नियमांकडे वळायचे, तर पीएचडीचे वजन देशागणिक बदलते. भारतात पदवीधरांसाठी एमबीबीएसची वेगळी वाट नाही. नीट द्यावीच लागते आणि तिच्या गुणांत संशोधनाला स्थान नाही, मात्र आता कमाल वयाची अट उरलेली नाही. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेत प्रवेश साधारणपणे पदवीनंतरच होतो, पण तिथेही पदव्युत्तर गुण पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत, वेगळे दाखवले जातात. त्यामुळे पदवीच्या वर्षांतले कमी गुण पीएचडीने झाकले जात नाहीत. शिवाय तिथल्या एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण साधारण दोन-तीन वर्षेच ग्राह्य धरले जातात, म्हणून प्रबंध संपण्याच्या खूप आधी ती परीक्षा देण्यात अर्थ नाही. प्रबंध अर्धवट टाकून अर्ज करण्याच्या मी विरोधात आहे. हाती घेतलेले दीर्घ काम सोडणारा माणूस त्याहून दीर्घ काम पुरे करील, हे समितीला पटवणे फार अवघड जाते.

अर्जासोबतच्या निवेदनात माझ्या संशोधनाला मी एकच परिच्छेद दिला आहे, तोही रसायनशास्त्र न जाणणाऱ्याला कळेल असा. उरलेली जागा रुग्णांजवळ जे पाहिले त्याला दिली आहे. शिफारसपत्राच्या बाबतीतही मी मार्गदर्शकांशी लवकर बोलले, कारण संशोधन सोडून निघालेल्या विद्यार्थिनीसाठी मनापासून लिहायला त्यांनाही वेळ हवा होता. शोधनिबंधांची यादी अर्जात असतेच. प्रयोग फसल्यावर मी सहकाऱ्यांशी कशी वागले, नोंदी किती प्रामाणिकपणे ठेवल्या आणि नवख्या विद्यार्थ्यांना शिकवताना किती धीर धरला, हे त्यांनी लिहावे अशी विनंती मी केली, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.