आरव्ही घेऊन डिस्नीला निघालात? मग आधी दुपारचं काय ते ठरवा

आमच्या अटलांटाच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी हा प्रश्न टाकतंच, की आई-बाबा आलेत, मुलांना ऑर्लँडोचं डिस्नी हवंय, कुत्रा घरी ठेवायला कोणी नाही, तर आरव्ही (म्हणजे आत बेड, स्वयंपाकघर, बाथरूम असलेली गाडी) घेऊन जावं का आणि कुठल्या कॅम्पग्राऊंडला. आणि मग उत्तरं येतात ती सगळी स्विमिंग पूलवर. तिथला पूल मस्त आहे, तिथे वॉटर स्लाईड आहे, तिथे वायफाय चांगलंय. अहो पूल सगळीकडे असतो! फ्लोरिडा आहे ते. माझं मत विचाराल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि प्रत्येक कॅम्पग्राऊंडला एकच प्रश्न विचारा: जून महिन्यात दुपारी एक ते पाच माझी आई आणि माझा कुत्रा इथे काय करणार? याचं उत्तर नीट मिळालं तर बुक करा, नाहीतर सरळ हॉटेल घ्या आणि कुत्र्याला बोर्डिंगला टाका.

आमचा जथा असा: आम्ही दोघं, दोन मुलं, साताऱ्याहून आलेले आई-बाबा, आणि टँपाहून ताई, भाऊजी आणि त्यांची टीनएजर लेक जी सकाळी अकराच्या आधी माणसात नसते. शिवाय बुंदी, म्हणजे आमची शेल्टरमधून आणलेली कुत्री. भाऊजींनी कोविडमध्ये जे बाकी सगळ्यांनी केलं तेच केलं, एक मोठा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही) घेऊन ठेवला, त्यामुळे हॉटेलचा विषयच काढू देत नव्हते. आम्ही एक क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर बंक असलेली आरव्ही, भाड्याने घेतली. (भाड्याची आरव्ही घेताना मालक कुत्रा चालवतो का ते आधी बघा, निम्म्या गाड्या तिथेच गळतात. आणि आजी-आजोबांना केबिनच्या वरचा बंक दाखवूसुद्धा नका, त्यांना मागचा बेड, आणि बसायला बेल्ट असलेली सीट.)

तर कॅम्पग्राऊंड. ऑर्लँडोच्या आसपास साधारण तीन प्रकार आहेत. एक म्हणजे स्टेट पार्क, क्लेरमाँटचं लेक लुईसा वगैरे. तळं, झाडं, शांतता, आणि तिन्हीत सगळ्यात स्वस्त. दुसरा प्रकार म्हणजे किसिमीला १९२ नंबरच्या हायवेलगत किंवा डॅव्हनपोर्ट, क्लेरमाँटकडे हायवे २७ ला असलेले खासगी आरव्ही पार्क, डिस्नी तिथून दहा-वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, ट्रॅफिकच्या कृपेवर. आणि तिसरं म्हणजे डिस्नीचं स्वतःचं फोर्ट वाइल्डरनेस, जे डिस्नीचं मॅजिक किंगडम पार्क उघडल्यावर दीड-दोन महिन्यांतच, १९ नोव्हेंबर १९७१ ला सुरू झालं. साडेसातशे एकराचं जंगलच आहे ते, आणि महाग आहे, सुट्टीच्या दिवसांत तर एका साईटच्या, म्हणजे एक आरव्ही लावायच्या जागेच्या, भाड्यात बाहेर बऱ्यापैकी हॉटेलची रूम येते. भाऊजींचं म्हणणं, "पार्किंगच्या जागेला एवढे पैसे?" मुद्दा चुकीचा नाही.

पण आता दुपारचं गणित करून बघा. जूनमध्ये ऑर्लँडोत ३३ डिग्री असतं, वर दमटपणा, आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट करून पाऊस. आईचे गुडघे आणि आमच्या धाकट्याचा मूड दोन्ही साडेबारा-एकला संपतात, हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणजे सकाळी लवकर पार्कात, दुपारी परत, जेवण, झोप, आणि संध्याकाळी ज्यांच्यात दम उरलाय त्यांनी पुन्हा जायचं. हे किसिमीहून करायचं म्हणजे आधी पार्किंग लॉटपर्यंत पोचा, आणि मॅजिक किंगडमहून तर लॉटपर्यंत यायलाच मोनोरेल नाहीतर फेरी, मग गाडी तापलेली, मग हायवे. एका बाजूचा एक-सव्वा तास सहज. आणि पार्किंगचे दिवसाला तीस डॉलरच्या वर ते वेगळेच, फोर्ट वाइल्डरनेसला राहणाऱ्यांना ते लागत नाहीत. आम्ही शेवटी तिथेच राहिलो. तिथून मॅजिक किंगडमला बोट आहे. आईला त्या सगळ्या डिस्नीत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती बोट, कारण बसायला मिळतं, वारा लागतो आणि रांग फार नसते.

अर्थात सगळंच गोड नाही. कॅम्पग्राऊंड एवढं मोठं की साईटपासून बोटीच्या धक्क्यापर्यंत जायला आतली बस लागते, आणि बाकी पार्कांना जायचं तर आधी आतल्या बसने पुढच्या डेपोला आणि मग दुसरी बस. आतल्या रस्त्यांवर आपली गाडी फिरवायची नाही, फक्त येता-जाता. म्हणून लोक गोल्फ कार्ट भाड्याने घेतात आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी म्हणेन की ही चैन नाही, गरज आहे. फक्त कार्ट लवकर संपतात, साईट बुक केली त्याच दिवशी कार्टचा फोन करून टाका. आणि कुत्र्याला बसमध्ये किंवा बोटीत घेत नाहीत, सर्व्हिस डॉग असेल तरच.

आता बुंदी. तिच्या कागदांवर शेल्टरवाल्यांनी "पिट मिक्स", म्हणजे पिट बुलचं मिश्रण, लिहून ठेवलंय. घरी ती झुरळाला घाबरते, पण कागद तो कागद. बऱ्याच खासगी पार्कांत ब्रीडची यादी असते, पिट बुल, रॉटवायलर वगैरे चालत नाहीत, आणि ही यादी बुकिंगच्या पानावर नाही, नियमांच्या पीडीएफमध्ये कुठेतरी आठव्या पानावर असते. एका पार्कने तर डिपॉझिट घेतल्यावर फोटो मागितला आणि मग नाही म्हटलं, डिपॉझिट परत मिळवायला नवऱ्याला बरेच ईमेल लिहावे लागले. तेव्हा फोन करून ब्रीड सांगा, हो म्हणाले तर ते ईमेलवर लिहून घ्या. फोर्ट वाइल्डरनेसला कुत्रे ठरावीक लूपमध्येच (लूप म्हणजे साईट असलेला गोल रस्ता) चालतात, ते बुक करतानाच सांगावं लागतं, नंतर तिथे जाऊन "आमच्याबरोबर कुत्रा पण आहे हं" असं चालत नाही. आत वॅगिन ट्रेल्स नावाचं डॉग पार्क आहे, सकाळी सहाला तिथे जी गर्दी असते ती बघण्यासारखी, सगळे मालक पायजम्यात.

लेक लुईसा मला खरं तर सगळ्यात आवडलं होतं पण ते तळ्यामुळेच बाद केलं. फ्लोरिडात गोड्या पाण्याचं कुठलंही डबकं बघितलं की त्यात मगर आहे असंच धरून चालायचं, विशेषतः संध्याकाळनंतर, आणि बुंदीला पाणी दिसलं की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तसं फोर्ट वाइल्डरनेसही तळ्याकाठीच आहे पण आमचा लूप पाण्यापासून लांब होता. शिवाय गवतात फायर अँट्स, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, असतात ते कोणी सांगत नाही, पंज्याला चावले की कुत्रा तीन पायांवर येतो.

पण खरा प्रश्न विजेचा, आणि याबद्दल आपले लोक एक अक्षर लिहीत नाहीत. तुम्ही पार्कात, कुत्रा आरव्हीत, एसी चालू. एसी बंद पडला तर? बाहेर ३२ डिग्री असताना बंद कार दहा मिनिटांत ४३ च्या आसपास जाते. आरव्ही जरा सावकाश तापत असेल, पण तापते. साईटवर जो विजेचा खांब असतो त्याला ३० अँपचा आणि ५० अँपचा असे वेगळे प्लग असतात. ३० अँप म्हणजे सगळे मिळून ३६०० वॉट. ५० म्हणजे २० अँप जास्त असं वाटतं, पण त्यात ५० च्या दोन लाईन येतात, म्हणजे १२००० वॉट, तिपटीहून जास्त! क्लास सी ला बहुतेक ३० चाच प्लग असतो. त्यात एसी चालू, बाबांनी चहाला इलेक्ट्रिक केटल लावली आणि कोणीतरी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं की खटकन ब्रेकर पडतो. घरात आहात तोवर ठीक आहे, उठून वर करता. म्हणून आमचा नियम असा होता की बुंदी राहणार भाऊजींच्या ट्रेलरमध्ये, त्याला ५० चा प्लग आणि दोन एसी, निघताना एसी आणि फ्रीज सोडून सगळं बंद, आत तापमान मोजणारं मोबाईल नेटवर्कवर चालणारं एक यंत्र जे वाढलं की फोनवर बोंब मारतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणीतरी एक माणूस अर्ध्या तासात पोचेल एवढ्या अंतरावर. विजा कडकडल्या की वीज जाऊ शकते, तिथे यंत्र नुसतं सांगणार, करणार काही नाही.

तो एक माणूस म्हणजे बाबा. त्यांनी एकदा जाऊन मॅजिक किंगडम बघितलं आणि जाहीर केलं की गर्दी बघायची तर आपली जत्रा काय वाईट आहे. मग रोज दुपारी ऑनिंगखाली (आरव्हीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) खुर्ची, फोनवर 'सकाळ'चा ई-पेपर, पायाशी बुंदी. ऊन चढलं की दोघं आत. कुणालाच ड्यूटी लावावी लागली नाही. ज्या दिवशी आम्ही सगळे बाबांसकट युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कला गेलो त्या दिवशी बुंदीला डिस्नीच्याच हद्दीतल्या पोर्ट ऑर्लिन्स रिसॉर्टजवळच्या बेस्ट फ्रेंड्स नावाच्या कुत्र्यांच्या बोर्डिंगला ठेवलं. रेबीज, बोर्डेटेला वगैरे लसींचे कागद लागतात, व्हेटकडून आधीच घेऊन ठेवा. युनिव्हर्सलच्या पार्किंग गॅरेजमध्येही दिवसापुरतं केनेल आहे, पण तिथे कुत्र्याला फिरवायला आपणच परत यायचं असतं, आणि जून महिन्यात राईडच्या रांगेतून बाहेर येऊन ते करण्याएवढा उत्साह आमच्यात कोणालाच नव्हता.

स्वयंपाकाचं एक सांगते, आरव्हीच्या आत फोडणी करू नका. मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म तडतडतो. त्या विजेच्या खांबावर घरातल्यासारखा साधा २० अँपचा प्लग असतो, त्याचा ब्रेकर वेगळा, त्यामुळे तिथून एक्स्टेंशन काढून पिकनिक टेबलवर इंडक्शन लावलं की आतल्या एसीवर काही फरक पडत नाही. ही ताईची युक्ती. सकाळी सात वाजता पाईनच्या झाडांखाली आईने पोह्यांची फोडणी टाकली, हिंग-हळद-कढीपत्ता, तर शेजारच्या लूपमधलं अलाबामाचं एक जोडपं गोल्फ कार्ट थांबवून हे काय म्हणून विचारायला आलं. आईने इंग्लिश-बिंग्लिश काही न बोलता सरळ दोन डिश हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी ते दोघं बरोब्बर त्याच वेळेला पुन्हा तिथूनच चालले होते, योगायोगाने!

संडास-बाथरूमचंही लाज न बाळगता आधीच ठरवा. भाड्याच्या आरव्हीत गरम पाण्याची टाकी बहुतेक सहा गॅलनची असते, म्हणजे जेमतेम दीड बादली, आणि मोठ्या माणसांच्या रांगेत तिसऱ्याला गार पाणी येतं. त्यामुळे कॉमन बाथरूम, म्हणजे तिकडचं कम्फर्ट स्टेशन, साईटपासून किती पावलांवर आहे ते नकाशावर बघून तशी साईट मागा. फोर्ट वाइल्डरनेसची स्वच्छ आणि एसीवाली आहेत, तिथेच कपडे धुवायची मशीनं. रात्री आई-बाबांना टॉर्च घेऊन फार लांब जायला नको. आणि सिवर हुकअप, म्हणजे गटाराची जोडणी, असलेलीच साईट घ्या, एवढ्या माणसांत ब्लॅक टँक (संडासाची टाकी) भराभर भरतो, आणि तो रिकामा करायला गाडी उचलून डंप स्टेशनला न्यायची म्हणजे ऑनिंग गुंडाळा, खुर्च्या आत टाका, आईला उठवा, सगळंच आलं.

फोर्ट वाइल्डरनेसचं बुकिंग ४९९ दिवस आधीपासून सुरू होतं आणि दोन साईट शेजारीशेजारी हव्या असतील तर वेबसाईटच्या भरवशावर राहू नका, फोन करा आणि दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या. ताईला आता डिसेंबरचं वेड लागलंय, तेव्हा लोक आपापल्या साईट आणि गोल्फ कार्ट लायटिंगने सजवतात म्हणे, आणि हवा पण २२-२३ डिग्री, म्हणजे एसीची आणि बुंदीची अर्धी काळजी गेली. मला पटलं होतं. पण बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की थंडीत सातारा सोडून मी कुठेही येणार नाही, यायचं तर मे-जूनलाच. तेव्हा पुन्हा जून, आणि भाऊजी आत्तापासून पोर्टेबल पंखे बघतायत.