आठ इंच खाली पुरलेलं कापड

अमेरिकेत, मेरिलँड राज्यात प्लॉट घेतला तेव्हा घराचा नकाशा मंजूर झाला की झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मातीचंही परमिट लागतं, हे सिव्हिल इंजिनिअरने पहिल्याच भेटीत सांगितलं. ५,००० चौरस फुटांपेक्षा जास्त जमीन उकरणार असाल किंवा १०० घनयार्डांहून जास्त माती हलवणार असाल, तर पावसात ती कशी अडवणार याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. घर, गाडीरस्ता, मातीचा ढीग, मशीन फिरवायला जागा असं मोजत गेलो, तर ५,००० केव्हाच ओलांडले होते.

मागे ओढा आहे. तो पोटोमॅक नदीला मिळतो आणि पोटोमॅक चेसापीकच्या खाडीला. पाणी गढूळ झालं की खाडीच्या तळच्या गवताला ऊन मिळत नाही, कालवांवर गाळ बसतो. मी कोकणातला, कालवं म्हटल्यावर मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी आराखडा शेरे मारून परत आला तेव्हा रागच आला. शेरे मात्र बरोबर होते. सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवायला खुंट्यांवर ताणलेलं जाड कापड, आमच्या नकाशात हद्दीला धरून सरळ उतारावरून खाली आणलं होतं. तसं केलं की पाणी कापडाच्या कडेने पळतं आणि खालच्या कोपऱ्यात जोर करतं. कापड उताराला आडवं हवं, दोन्ही टोकं वर वळवलेली हवीत. नकाशा सुधारला, अनामत भरली, परमिट मिळालं. मग आधी कापड उभं केलं, टायरचा चिखल रस्त्यावर येऊ नये म्हणून फाटकाशी तीस फूट खडी पसरली. इन्स्पेक्टर बाई सगळं फिरून बघून गेल्या, तेव्हा कुठे खोदाई सुरू झाली.

जुलैत एका रात्री विजांसकट धो धो पाऊस झाला. सकाळी बघतो तर कापड जागेवर आणि ओढा चहाच्या रंगाचा. बाबा तेव्हा संगमेश्वरहून आमच्याकडे आलेले. ते कापडाशी उकिडवे बसले, खालून हात घातला. मनगटापर्यंत हात पलीकडे गेला.

"अरे, वरून नाही, खालून गेलंय पाणी. बांधाला पायाच नाही दिलेला."

कापड चरात आठ इंच पुरायचं, असं नकाशात स्पष्ट होतं. पण मशीन वळवायला कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी ओढ्याकडचा तुकडा उपटला होता आणि परत लावताना नुसती माती लोटली होती. मी स्वतःच इन्स्पेक्टर बाईंना फोन केला. दंडाची धास्ती होती, पण लपवणं मनाला पटेना. त्यांनी खोदाई थांबवायला लावली. दोन दिवसांत चर खणून कापड पुन्हा पुरलं, साचलेला गाळ फावड्याने उचलला.

पुढे मी कॅलेंडरच धरून बसलो. उघडी माती वाहून जाऊ नये म्हणून काम थांबलेल्या जागी सात दिवसांत गवताचं बी आणि पेंढा पडलाच पाहिजे, तीव्र उतारावर तीनच दिवसांत. ऑक्टोबरमध्ये पेंढ्यातून गवत वर आलं, पण छपराच्या पन्हळीखाली हातभर जागा उघडी राहिली होती. तेवढ्यासाठी बाईंनी काम पूर्ण झालं असं मानून परमिट बंद करायला नकार दिला. तिथे पुन्हा बी टाकलं, आणखी तीन आठवडे गेले.

बाबा तोवर गावी परतले होते. मोठ्या पावसानंतरच्या सकाळचा ओढ्याचा फोटो त्यांना पाठवला. तळाचे गोटे दिसत होते.