तुम्ही विचारलंत म्हणून: आईची सिरीयल चालते, मग थ्रोन्सवर एवढा राग का?

रविवारी सकाळी नाशिकच्या मखमलाबाद रोडला मिसळ खायला बसलो की दुसरा रस्सा येईपर्यंत कोणीतरी हे काढतंच. ‘तू आईबरोबर बसून पाच वर्षं “आई कुठे काय करते” बघितलीस, हूं की चूं केलं नाहीस, आणि गेम ऑफ थ्रोन्सचं नुसतं नाव काढलं तरी अजून तुझं डोकं फिरतं, हे काय गणित आहे?’ ऑफिसात विचारतात, परवा मेव्हण्यानेही विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

हूं की चूं केलं नाही हे खरं नाहीये, पण त्याच्यावर नंतर येतो.

थ्रोन्स म्हणजे राजगादीसाठीच्या भांडणांची ती इंग्रजी सिरीयल. तिचा सातवा सीझन संपला ऑगस्ट २०१७ मध्ये आणि आठवा, म्हणजे शेवटचा, आला एप्रिल २०१९ मध्ये. मधले वीस महिने आम्ही चार मित्रांनी काय केलं ते सांगितलं तर हसाल. व्हॉट्सअॅप ग्रुप, रोज एक नवीन थिअरी, कोण मरणार यावर मिसळीच्या पैजा. माझी थिअरी अशी होती की तो नाइट किंग, म्हणजे मेलेल्यांच्या फौजेचा राजा, आणि ब्रॅन, म्हणजे भूतकाळ बघू शकणारा तो मुलगा, यांचं जुनं काहीतरी नातं आहे, शेवटी ते दोघं समोरासमोर येणार, नाइट किंग पहिल्यांदा तोंड उघडणार आणि सगळं उलगडणार. ही मी इतक्यांदा सांगितली की नंतर नंतर तो सीन मी बघितलाय असंच मला वाटायला लागलं. आणि हा सीन लिहिला कोणी, तर मी, अंबडला कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, ना बजेट ना शूटिंग ना डेडलाइन, मग त्यात खोट कुठून निघणार!

तिसरा एपिसोड आला तो २९ एप्रिलला, सोमवारी. त्या दिवशी नाशिकला लोकसभेचं मतदान होतं त्यामुळे सुट्टी, म्हणजे योग बघा. अमेरिकेत रविवारी रात्री दाखवायचे तेव्हाच आपल्याकडे सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर यायचा. तिघंही सहालाच घरी हजर. ८२ मिनिटांचा एपिसोड, अख्खी रात्रीची लढाई, आणि आमचा हॉल पूर्वेचा. एप्रिलचं ऊन सरळ टीव्हीवर. स्क्रीनवर काळोख, काळोखात काहीतरी हलतंय, आणि त्याच्यावर स्पष्ट काय दिसतंय तर सोफ्यावर बसलेले आम्ही चार गाढव. मग मी सोलापुरी चादर काढली, खिडकीच्या ग्रिलला कपड्यांचे चिमटे लावून टांगली, ती एका बाजूने सारखी खाली यायची म्हणून एकाने उठून ती धरून ठेवली, जवळजवळ वीस मिनिटं. आई चहा घेऊन आली, टीव्हीकडे बघितलं, म्हणाली, ‘लाइट गेलेत का त्यांच्याकडे?’ आणि वर, ‘आटपा लवकर, नऊनंतर रांग वाढते.’

तर शेवटी ब्रॅनची बहीण आर्या कुठून तरी उडी मारून येते, कट्यार खुपसते, नाइट किंग काचेसारखा फुटतो. एक अक्षर न बोलता गेला हो तो. ज्याने चादर धरली होती त्याने ती सोडून दिली. त्यानंतर आईला घेऊन मतदानाला गेलो, शाळेच्या वर्गात बाई बोटाला शाई लावत होत्या आणि माझ्या डोक्यात ‘असं कसं, बोलला कसा नाही’ एवढंच.

आता, दोष त्यांचाही होता हे मी आजही म्हणतो. आधीच्या सीझन्सना दहा-दहा एपिसोड, सातव्याला सात, शेवटच्याला सहा. ज्या पुस्तकांवरून करत होते त्यातलं पाचवं २०११ ला आलं आणि सहावं यायच्या आधीच सिरीयल पुस्तकांच्या पुढे निघून गेली, मग घाई दिसणारच, ड्रॅगनवाली राणी डॅनेरिस दोन एपिसोडात वेडी होते ते मला अजून पटत नाही. पण तेवढ्याने माझा राग पुरा होत नाही, कारण २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये बायकोने सगळे ७३ एपिसोड पाच आठवड्यांत संपवले, शेवटचा संपल्यावर रिमोट ठेवला आणि म्हणाली, ‘बरा होता की. एवढं काय रडत होतात तुम्ही चौघं?’ मला जाम लागलं ते. पण तिच्याकडे वीस महिने नव्हते ना. सातवा रात्री संपला, आठवा दुसऱ्या दिवशी भांडी आवरून झाल्यावर सुरू. थिअरी करायला वेळच नाही. शिवाय दोन वर्षं माझ्या तोंडून शेवट भिकार आहे हे ऐकत होती, त्यामुळे जे मिळालं ते तिला वरकमाईच.

आणि एक कबूल करतो, ते वीस महिने फार मजेचे होते. रंगपंचमीला आपल्याकडे रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर, गर्दी जमते ना, सगळे काठावर, कोण पहिली उडी मारतो म्हणून आरडाओरडा, तसं. उडी काय, दोन सेकंदांची.

आता आईची सिरीयल. रोजची मालिका कधी संपणार हे लिहिणाऱ्यालाही नीट माहीत नसतं, दर गुरुवारी टीआरपी येतो आणि गोष्ट त्याप्रमाणे वळते, लांबते, गरज पडली तर माणूस कोमात जातो. शेवटच दिसत नाही तर त्याची वाट काय बघणार. माझी आजी ‘चार दिवस सासूचे’ बघायची, २००१ ते २०१३, भाग ३००० च्या वर, शेवट कसा झाला विचारलं तर म्हणायची झाला काहीतरी, पण रोहिणी हट्टंगडींची कुठली साडी कुठल्या समारंभाला होती हे विचारा. आईचंही तसंच. साडेसातला मेथीची जुडी घेऊन बसायची, अर्धं लक्ष काड्यांकडे. संजनाचं, म्हणजे नायिका अरुंधतीच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं, काम करणारी नटी मध्येच बदलली तेव्हा मी म्हटलं आता ही बघणं सोडते, तर दोन दिवस नवीन संजना म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून नुसती संजना. थ्रोन्समध्ये कोणी आर्या बदलली असती तर आम्ही मोर्चा काढला असता.

म्हणजे आईला काही अपेक्षाच नाहीत म्हणून ती सुखी, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती, मिसळीवर तसं सांगायचोही. ती एका संध्याकाळी मोडली. अरुंधतीचा घटस्फोट झाला त्या दिवशी आईने शिरा केला होता, बरं का, कारण विचारलं तर ‘सहज’. आणि नंतर कधीतरी ती अरुंधती परत सासरच्या त्या समृद्धी बंगल्यात, परत त्याच देशमुखांची भांडणं निस्तरायला उभी. आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि ब्रेकची वाट न बघता टीव्ही बंद केला. ‘एकदा निघालीस ना, मग निघालीस,’ असं बंद टीव्हीला म्हणाली. मी काही बोललो नाही. मलाही राग आलाच होता खरं तर, हीच ती माझी हूं की चूं, पण आईचा बघितल्यावर माझा गिळला. दोन दिवस बघितली नाही तिने. तिसऱ्या दिवशी साडेसातला, ‘लाव रे, बघू तरी काय करते ती.’

फरक मला वाटतं इथे आहे. आईची पण निराशा व्हायचीच, पण सुट्या पैशात, आणि उद्या साडेसातला तीच बाई परत समोर, भांडायला, समजून घ्यायला. मालिका नंतर दुपारी अडीचला ढकलली तर आईने दुपारची झोप पुढे ढकलली, नोव्हेंबर २०२४ ला संपली तेव्हा दोघींचं बऱ्यापैकी मिटलेलं होतं. माझं सगळं एकरकमी गेलं, आणि २० मेच्या शेवटच्या एपिसोडनंतर पुढचा सोमवारच नव्हता, रागवायचं तरी कोणावर?

थ्रोन्सवाल्यांनी नवीन काढली, ती बघितलीस का, हेही विचारता तुम्ही. ड्रॅगनवाल्या त्या सिरीयलची, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ची, घोषणा झाली तेव्हा ग्रुपवर मी सगळ्यात आधी लिहिलं होतं की मी बघणार नाही, आपल्याला एकदा पुरे झालं. २२ ऑगस्ट २०२२, सोमवार, तिचा पहिला एपिसोड. सव्वासहाला हॉलमध्ये चिमटे शोधत होतो तर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, खिडकीवरची चादर बघितली आणि म्हणाली, ‘आज मतदान आहे का रे?’