आमची वाटचाल: मडगावातील पाइप-तंबाखूचे एक दुकान

आमच्या दुकानात गल्ल्याच्या उजव्या हाताला लाल कापडी बांधणीची एक वही असते. उधारीची वही वेगळी. या वहीत गिऱ्हाइकाने कोणते मिश्रण नेले, कोणत्या महिन्यात डबा फोडला आणि डबा संपल्यावर तो काय म्हणाला, एवढेच लिहिलेले असते. ही प्रथा माझ्या वडिलांनी पाडली आणि सध्या आठवी वही चालू आहे. मी या धंद्यातली तिसरी पिढी. मी स्वतः पाइप ओढत नाही आणि हे कळल्यावर नवे गिऱ्हाईक जरासे बिचकते, कारण खानावळवाल्याने आपल्याच खानावळीत जेवू नये तसा हा प्रकार त्याला वाटतो. माझी सारी भिस्त नाकावर आणि या वहीवर आहे, म्हणून दुकानाची हकिगत सांगताना मला वहीपासूनच सुरुवात करावी लागते.

दुकान आजोबांनी मडगावच्या जुन्या बाजारात, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत घातले. तेव्हा तो साधा पसरा होता: निपाणीचा विडीचा तंबाखू, खायचा तंबाखू, पानाचे सामान आणि काडेपेट्या. 1955 च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटावरून येणारा माल आटला. निपाणी काही फार लांब नाही, पण तिथला तंबाखू मिळेनासा झाला; उलट मुरगाव बंदरात उतरणारा परदेशी माल बाजारात मुबलक दिसू लागला. आजोबांनी नाइलाजाने विलायती डबे ठेवले. ते घेणारेही होते: सासष्टी तालुक्यातले काही भाटकार, म्हणजे जमीनदार, दोन-चार डॉक्टर आणि वकील, आणि मुख्यतः जहाजांवर नोकरी करणारे तारवटी, जे वर्षा-दीड वर्षाने सुट्टीवर येत आणि पाइपची सवय आपल्या साहेबांकडून उचलून आणत. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर जुना साठा हळूहळू संपला, आयातीचे निर्बंध आले आणि निपाणीचा माल पुन्हा दारात उभा राहिला. पाइपवाल्या मंडळींनी मात्र आजोबांना सोडले नाही. देशी बनावटीचा पाइपचा तंबाखू मुंबईहून मागवून आजोबा त्यांच्यासाठी ठेवू लागले, आणि तारवटी स्वतःसाठी आणलेल्या डब्यातली चिमूट त्यांना वास घ्यायला देऊ लागले. आमच्याकडे नमुना पाहण्याची पद्धत पडली ती अशी. पहिला नमुना दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घेतला, याची मला अजून गंमत वाटते.

वडिलांच्या काळात ही देवघेव उलटी झाली. त्यांनी काचेच्या सहा बरण्या ओळीने मांडल्या. आलेल्या माणसाने हवी ती बरणी उघडून आपला पाइप भरावा, बाकावर बसून ओढावा आणि पटले तर तंबाखू वजनावर न्यावा, असा रिवाज होता. बाक सहसा रिकामा नसे. तरीही नेलेला माल परत घेऊन येणारे बरेच असत. दुकानात गोड लागलेला तंबाखू घरी जीभ पोळतो, अशी त्यांची तक्रार. वडिलांनी वही घातली ती या तक्रारींचा माग काढण्यासाठी, आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर त्यांना कारणे सापडत गेली. पाइप ज्याचा करतात ते ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, आधी ओढलेल्या तंबाखूचा वास धरून ठेवते. व्हॅनिला किंवा चेरीचा वास दिलेले मिश्रण ज्या पाइपात महिनाभर ओढले, त्यात साधा व्हर्जिनिया, म्हणजे वेगळा वास न दिलेले त्या जातीचे पान, भरला तर माणूस चव घेतो ती गेल्या महिन्याची. शिवाय बाकावर गप्पा मारणारा माणूस सावकाश ओढतो आणि तोच घरी एकटा बसला की भराभर झुरके घेतो. व्हर्जिनियाच्या पानात साखर जास्त असते, त्यामुळे तो तापला की जिभेचे सालटे काढतो. तिसरे कारण ओलाव्याचे. ते पुढे सविस्तर सांगणार आहे. एका पाइपावरून तंबाखूची परीक्षा होत नाही, डबा संपेपर्यंत मत देऊ नये, असे वडिलांनी तेव्हा ठरवले आणि वहीत 'डबा संपल्यावर' हा रकाना आला.

बरण्या आणि बाक कायद्याने गेले. सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास बंदी करणारा गोव्याचा स्वतःचा कायदा 1997 चा. नंतर 2003 चा केंद्राचा कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागांवरील बंदी देशभर कडक झाली. वेष्टनावर इशारा नसलेला तंबाखू विकता येत नाही म्हटल्यावर वजनाचा काटा माळ्यावर गेला, आणि जाहिरात व प्रचार या दोहोंवर बंदी असल्यामुळे फुकट नमुन्याच्या वाटेला आम्ही जात नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करता येत नाही, या कलमाने तर आमची जागाच गेली. शेजारच्या शाळेची कुंपणभिंत पुढे सरकली तेव्हा वडिलांनी टेप धरून स्वतः अंतर मोजले, ते थोडक्यात कमी भरले, आणि कोणी सांगायला येण्याआधी त्यांनी दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवले. माझे मत विचाराल तर हे सारे कायदे योग्यच आहेत. तंबाखूने माणसे आजारी पडतात हे मी माझ्या गिऱ्हाइकांत पाहिले आहे, आणि ज्याने कधी ओढलेला नाही अशा माणसाला मी पहिला पाइप विकत नाही.

मग निवड करायची कशी, हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी आठ लहान बाटल्या ठेवल्या आहेत. त्यांत मिश्रणे नाहीत, त्यांचे घटक आहेत, आणि त्या विकायच्या नाहीत, फक्त हुंगायच्या. व्हर्जिनियाला सुकत घातलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास येतो, आणि तोच काही वर्षे डब्यात मुरला की भाजलेल्या पावाच्या जवळ जातो. बर्ली या दुसऱ्या जातीच्या पानाचा वास कोरडा, कोकोच्या भुकटीसारखा. लटाकिया हे पान लाकडाच्या धुरावर धरून काळे केलेले असते. त्याचे नाव सीरियातल्या बंदरावरून पडले, पण हल्ली बहुतेक माल सायप्रसमधून येतो. नवख्याला मी सांगते की चुलीवर टांगलेल्या चोरिसांचा, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजचा, वास आठवा. ज्याला तो वास आवडत नाही त्याने लटाकिया घातलेल्या इंग्लिश पद्धतीच्या मिश्रणांच्या फडताळाकडे वळूच नये, आणि आवडत असेल तर त्यासाठी एक पाइप वेगळा ठेवावा. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात होतो. पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन्महिने आंबवलेले हे पान हुंगताना गोव्यातल्या माणसाला उन्हाळ्यात बागेत पडलेल्या काजूच्या बोंडूंचा आंबूस वास येतो. कॅव्हेंडिश ही पानाची जात नसून वाफ आणि दाब देण्याची रीत आहे, हे मात्र मला जवळजवळ रोज सांगावे लागते.

नाकाने घरच्यांनाही एकदा दगा दिला आहे. वडिलांनी मुरण्यासाठी म्हणून व्हर्जिनिया फ्लेकचे सहा डबे कपाटात ठेवले होते. फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या तंबाखूचे पातळ काप. दुमडून भरावेत किंवा तळहातावर चोळून सुटे करावेत. एका सप्टेंबरात, चवथीच्या साफसफाईत, त्यांनी एक डबा उघडला तर कापांवर पांढरे बारीक कण दिसले. पावसाळ्याचे दिवस, बुरशीच असणार, असे म्हणून त्यांनी सहाही डबे उकिरड्यात टाकले. चार दिवसांनी आमचे एक गिऱ्हाईक, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनियर, ही गोष्ट ऐकून डोक्याला हात लावून बसले. जुन्या व्हर्जिनियावर कधीकधी असे स्फटिक येतात, ते उजेडात चमकतात आणि तंबाखू चांगला मुरल्याची ती खूण असते. बुरशी लोकरीसारखी दिसते, ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि तिला कुबट वास येतो. तेव्हापासून गल्ल्यात एक भिंग असते आणि त्या पानावर वडिलांच्या अक्षरात फक्त 'सहा डबे' असे लिहिलेले आहे.

खरी बुरशी आम्हाला एका पुरवठादाराने दाखवली, त्याचे नाव घेत नाही. त्याने जुन्या, वाळलेल्या पाकिटांवर पाणी मारून ती ताजी म्हणून पाठवली. पाणी मारलेला तंबाखू बोटांना मऊ लागतो, पण वास गेलेला असतो आणि आठवड्यात आतून पांढरा पडतो. आता पाकिटावरची तारीख आणि कडेची शिवण पाहिल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही.

ओलावा हा गोव्यातल्या पाइपवाल्यांचा कायमचा शत्रू. पाइपच्या तंबाखूत साधारण 12 ते 15 टक्के ओलावा असावा असे मानतात. मडगावात जुलैमध्ये उघडा राहिलेला डबा दोन दिवसांत त्याच्या वर जातो, मग तंबाखू पुन्हा पुन्हा विझतो, माणूस जोराने ओढतो, धुराबरोबर वाफ तोंडात येते आणि जीभ पोळते. वासाची मिश्रणे मुळातच ओली, कारण ती मऊ राहावीत म्हणून त्यांत प्रोपिलीन ग्लायकोल घातलेले असते. म्हणून जून ते सप्टेंबर मी ती मागवत नाही आणि विचारणाऱ्याला नारळी पौर्णिमेनंतर नव्हे, दसऱ्यानंतर या असे सांगते. डबा फोडल्याबरोबर तंबाखू रबरी कड्याच्या लहान काचेच्या बरण्यांत वाटून भरावा, एका वेळी एकच बरणी उघडावी, आणि भरण्याआधी एका पाइपापुरता तंबाखू कागदावर अर्धा तास पसरावा. चिमटीत दाबून सोडल्यावर तो हळूहळू उलगडला तर भरावा. गोळा होऊन राहिला तर अजून थांबावे. वहीतल्या 'जीभ पोळली' या शेऱ्यांपैकी बहुतेक पावसाळ्यातले आहेत, ते या एका सवयीने निम्म्यावर आले.

धंद्याचे आकडे सांगण्यासारखे नाहीत. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, खनिज न्यायला येणारी जहाजे थांबली आणि त्यांच्यावरचे अधिकारी आमच्याकडे येईनासे झाले. 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागला तेव्हा पाइपच्या मिश्रणांवर 28 टक्के कर आणि वर 290 टक्के उपकर बसला. पन्नास ग्रॅमचा डबा आवडेल की नाही हे ठाऊक नसताना घेणे परवडेना. त्यावर वाट काढली ती गिऱ्हाइकांनीच. तिघा-चौघांनी भागीत वेगवेगळे डबे घ्यायचे आणि महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी, बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून आपापसांत वाटून घ्यायचे. घर खाजगी, माल त्यांचा, त्यात दुकानाचा काही संबंध नाही. मला फक्त सोमवारी वहीसाठी शेरे मिळतात. गेल्या महिन्याचा विषय पेरीक होता. एका डॉक्टरांनी अर्धे पान भरून स्तुती लिहिली. त्यांच्याखाली आमच्या सर्वांत जुन्या तारवटी गिऱ्हाइकाची नोंद आहे: "बोंडूचा वास हवा असेल तर मी मे महिन्यात घरामागे जाऊन बसेन. पुढच्या वेळी माझ्या भागात लटाकिया."