डब्ल्यूसीडब्ल्यूचे हलके मल्ल

डब्ल्यूसीडब्ल्यू ही अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीची कंपनी मार्च 2001 मध्ये संपली, आणि आजही तिची आठवण निघाली की बहुतेक जण हल्क होगनचे खलनायक होणे, स्टिंगचा रंगवलेला चेहरा किंवा गोल्डबर्गची विजयांची मालिका यांविषयीच बोलतात. माझ्या मते त्या कंपनीचे खरे वैभव कार्यक्रमाच्या पूर्वार्धात, साधारण शंभर किलोच्या आतल्या, म्हणजे क्रूझरवेट म्हणवल्या जाणाऱ्या मल्लांच्या लढतींत होते.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे, बडोद्याला दांडिया बाजारात, रात्री कार्टून नेटवर्क संपले की त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू होई आणि तेथे या कुस्त्या दिसत. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात घाम गाळलेल्या माझ्या काकांनी ही नूरा, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती आहे, असा निकाल पहिल्याच दिवशी दिला होता आणि तो योग्यच होता. शिवाय गामा पहिलवानाने 1902 मध्ये उचललेला दगड ज्या शहराने सयाजीबागेच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे, तेथे अंगापिंडाने किरकोळ माणसाला पहिलवान म्हणणे जडच जाते. तरीही मुखवटाधारी रे मिस्टेरिओ दोरावर चढला की काका सुपारी कातरायची थांबवत. "निकाल ठरलेला असेल रे, पण ही उडी याला कोण ठरवून देणार?" असे ते म्हणत.

26 ऑक्टोबर 1997 रोजी लास वेगासला झालेली मिस्टेरिओ आणि एडी गरेरो यांची लढत मी पुढे अनेकदा पाहिली. गरेरोचा क्रूझरवेट किताब आणि मिस्टेरिओचा मुखवटा पणाला लागलेला होता. मिस्टेरिओने डोक्यापासून पायापर्यंत जांभळा पोशाख चढवला होता, आणि गरेरो डाव टाकता टाकता मधूनच तो मुखवटा बोटांनी फाडू पाहत होता. शेवटी त्याने मिस्टेरिओला कोपऱ्यातल्या खांबाच्या टोकावरून खाली आपटण्यासाठी उचलले, तोच मिस्टेरिओने हवेतच अंग वळवून पायांच्या कात्रीत त्याची मान धरली आणि त्यालाच पाठीवर पाडले. फडावर आयुष्य गेलेला माणूसही याला दाद देईल.

असे मल्ल हाताशी असताना कंपनीने त्यांचे काय केले? पॉल हेमन यांच्या फिलाडेल्फियातील ईसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीने गरेरो, डीन मॅलेन्को आणि मिस्टेरिओ यांना 1994-95 मध्येच अमेरिकी प्रेक्षकांसमोर आणले होते, तेथून डब्ल्यूसीडब्ल्यूने त्यांना उचलले, पण वरच्या जागा ठरावीक ज्येष्ठांनी अडवून ठेवल्या होत्या आणि होगनच्या करारात तर स्वतःच्या कथानकावर हक्क सांगणारे कलमच होते. फेब्रुवारी 1999 मध्ये मिस्टेरिओचा मुखवटा उतरवला गेला, तोही केविन नॅशसारख्या जवळजवळ सात फुटी माणसाशी लढवून. त्याच वर्षी ख्रिस जेरिको प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला आणि जानेवारी 2000 मध्ये गरेरो आणि मॅलेन्को यांनीही तीच वाट धरली.

कंपनी बंद पडण्याचे तात्कालिक कारण अर्थातच वेगळे होते. एओएल आणि डब्ल्यूसीडब्ल्यूची मालक टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणानंतर आलेल्या व्यवस्थापनाने आपल्या वाहिन्यांवरून कुस्ती हटवली, प्रक्षेपणाची वेळच हातची गेल्यावर कंपनीचे माजी प्रमुख एरिक बिशॉफ यांच्या बाजूच्या गुंतवणूकदारांनी माघार घेतली आणि उरलेली मालमत्ता डब्ल्यूडब्ल्यूएफने विकत घेतली. मात्र चांगली जोड मोडून बसलेल्या कंपनीसाठी मालकांनी तरी कशासाठी जीव टाकावा?

डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या साप्ताहिक कार्यक्रमाच्या, 4 सप्टेंबर 1995 च्या पहिल्या भागाची पहिली लढत जुशिन लायगर आणि ब्रायन पिलमन या हलक्या मल्लांची होती आणि त्याच दिवशी रिक फ्लेअर आणि स्टिंगही लढले होते. 26 मार्च 2001 च्या शेवटच्या नायट्रोची शेवटची लढत पुन्हा फ्लेअर आणि स्टिंग यांचीच होती. त्यानंतर सहाच दिवसांनी ह्यूस्टनच्या भरलेल्या ॲस्ट्रोडोममध्ये जेरिको आणि गरेरो हे दोघेही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगणात जिंकले.