पानाच्या तळाशी

रविवारी दुपारी जेवून एक जुनी बंगाली कादंबरी घेऊन आडवा झालो. मराठी अनुवाद, अर्थातच. तिसऱ्याच पानावर ‘बौदी’ला फुली, आणि तळाशी बारीक टाइपात: वहिनी. डुलकी गेली ती गेलीच. वहिनीच आहे तर वरतीच लिहा की! मग वाटलं, नको. वहिनी म्हटलं की आमच्या वहिनी डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्या भांगात तो ठसठशीत सिंदूर काही केल्या बसत नाही. मामा वरेरकरांनी ‘देवदास’वाल्या शरदबाबूंना मराठीत आणलं तेव्हा ते घरोघरी आपलेच होऊन बसले, इतके की ते बंगाली होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बौदीला तरी बंगाली राहू दे.

तळटिपांशी माझं जुनं वाकडं आहे. शाळेत बहिणाबाईंची कविता होती. बाईंनी फळ्यावर शब्दार्थ लिहिला: येहेर म्हणजे विहीर. पुण्यातल्या त्या वर्गात हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. मला होता. सुट्टीत जळगावकडे आजीच्या गावी गेलो की दिवसातून दहादा ऐकायचो, ‘येहेरीकडे जाऊ नको रे!’ आजी अशुद्ध बोलते, असं तोवर मी मनाशी धरून चाललो होतो. आता तिचा शब्द पुस्तकात छापून आला होता, आणि त्याचा अर्थही सांगावा लागत होता. अभिमान वाटून घ्यावा की लाज, ते ठरेना. समासाची रेघ दोनदा ओढली आणि इतरांसारखाच अर्थ मुकाट उतरवून घेतला.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी त्यांची, कागदावर उतरवली दुसऱ्यांनी. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. आपल्या येहेरीखाली मारलेली रेघ त्यांना पाहावी लागली नाही.

बंगाली कादंबरी तशीच राहिली. बहिणाबाई काढल्या आणि लेकीला वाचून दाखवायला लागलो, ‘येहेरीत दोन मोटा’. येहेरीचा अर्थ विचारील म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली, “मोट म्हणजे काय?”

बैल, चामड्याची पखाल, धाव, थारोळं, सगळं हातवारे करून सांगितलं.

“तू पाहिलीस?”

नाही. आजीच्या येहेरीवर माझ्या जन्माआधीच मोटार बसली होती.